कॅमेऱ्यातली धूळ आणि माझा उजवा हात

फोटोत डाग आला की माणसं आधी फोटोग्राफरला बोलतात, मग कॅमेऱ्याला बोलतात. धुळीला कुणी काही म्हणत नाही, ती नामानिराळी. आमच्या बीदरात तर धूळ म्हणजे घरचंच माणूस. तांबडी माती, उन्हाळ्यात वारा सुटला की दोरीवरचं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत गुलाबी होतं. तोंडात, कानात, पिठाच्या डब्यात, नको तिथं ती. आणि अशा गावात आमचं पोट काचेवर चालायचं. पुढं फोटो स्टुडिओ, मागं दोन खोल्या आणि न्हाणी, असा आमचा संसार होता.

लग्न होऊन आले तेव्हा रिळाचा जमाना होता. हे फोटो काढायचे, मी घर बघायचे. प्रिंट तयार झाल्या की त्यावर धुळीचे पांढरे ठिपके उठलेले असायचे. ते बारीक कुंचल्यानं रंग भरून बुजवावे लागत. ह्यांचा हात त्या कामाला फार जड. नवरीच्या गालावरचा ठिपका बुजवायला घ्यायचे आणि तिथं तीळ करून ठेवायचे. एक दिवस मी वैतागून म्हटलं, "आणा इकडं. कामून त्या लेकीचं तोंड खराब करायलाव?" कुंचला हिसकावून घेतला आणि ठिपका असा बुजवला की नंतर मलाच सापडेना. हे चष्मा वर करून प्रिंट बघत राहिले. त्या दिवसापासून ते काम माझं झालं.

हात स्थिर कसा, असं लोक विचारायचे. मी काय सांगणार? मूडबीला माझ्या माहेरी आजोबांच्या काळात मेंढरं होती. मेंढराच्या खुरातला काटा काढताना हात हलून चालत नाही, तसलंच काही रक्तातून आलं असेल. ही आपली माझी समजूत, दुसरं काय.

मग रीळ गेलं आणि डिजिटल आलं. ह्यांनी हैदराबादहून कॅमेरा आणला तेव्हा दुकानात पेढे वाटले. मी मात्र पेढा तोंडात न टाकता ठेवून दिला. आता प्रिंटवर ठिपकेच नसतील तर माझं काय काम? हे तर हवेत. म्हणाले, "धुळीचा प्रश्नच मिटला बघ. आत रीळच न्हाई तर धूळ बसंल कशावर?" माणसानं इतकं खात्रीनं बोलू नये, खरंच बोलू नये.

औरादकडच्या एका लग्नाचे फोटो कॉम्प्युटरवर बघत होतो. मांडवाच्या पांढऱ्या कापडावर वरच्या कोपऱ्यात एक काळपट डाग. हे म्हणाले, माशी असंल. पुढच्या फोटोत तिथंच. त्याच्या पुढच्यात पण तिथंच. तिथं नवरदेवाच्या मामाचं डोकं होतं, त्यामुळं डाग बरोबर कपाळावर बसला होता. मी हसायला लागले तर हे चिडले. नंतर कळलं ते असं, की लेन्स बदलताना कॅमेरा क्षणभर उघडा पडतो आणि तेवढ्यात धूळ आत जाते. आत रिळाच्या जागी सेन्सर असतो, त्यावर टपालाच्या तिकिटाएवढी काच असते. रीळ निदान पुढं सरकायचं, डाग एका फोटोपुरता राहायचा. ही काच कुठं सरकत नाही. एकदा कण चिकटला की पुढच्या सगळ्या वऱ्हाडाच्या तोंडावर तोच डाग.

ह्यांनी पहिली गोष्ट काय केली? फुंकर मारली. आमच्याकडं डोळ्यात काही गेलं की फुंकर, चहा तापला की फुंकर, तशी कॅमेऱ्यात पण फुंकर. थुंकीचे बारीक शिंतोडे आत उडाले आणि एका डागाचे चांगले डझनभर झाले. मग कॅमेरा घेऊन हैदराबादला पळाले. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं तो साफ करून दिला, पण ऐन लग्नसराईत आठवडाभर ठेवून घेतला. माणूस भला होता. ह्यांनी विचारलं तसं घरी कसं साफ करायचं ते त्यानं नीट समजावून सांगितलं, लागणारं सामान पण दिलं. आणि घरी आल्यावर ह्यांनी ती पिशवी न बोलता माझ्या पुढ्यात ठेवली.

हे काम मी न्हाणीत करायचे. घरात तेवढी एकच जागा धुळीवाचून होती. आधी भिंतीवर आणि फरशीवर पाणी मारायचं, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. दार लावायचं. पंखा नाहीच. सुती साडी नेसायची नाही, तिचे तंतू उडतात. पाटावर बसून कॅमेरा मांडीवर घ्यायचा. बॅटरी भरलेली पाहिजे, कारण आतला आरसा वर उचलून धरायचं काम ती करते; मध्येच संपली तर आरसा खाली येऊन हातावर आदळतो आणि सगळंच जातं. आरसा वर गेला की खोल आत काच चमकते. कॅमेरा पालथा धरून रबरी फुग्यानं वारा मारायचा. त्यानं नाही निघालं तर चपटी काडी घ्यायची, तिच्या मऊ टोकावर औषधाचे थेंब टाकायचे आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच, न थांबता, न दाबता ओढायची. हात हलला तर ओरखडा. ओरखड्याला औषध नाही.

झालं की अंगणात येऊन आकाशाचा फोटो काढायचा. निळ्यावर डाग लपत नाही. वरून विमानदलाची शिकाऊ विमानं जायची; एखादं फोटोत आलं की हे घाबरून म्हणायचे, "अगं, राहिला की एक!" मी म्हणायचे, "त्याला पंख हायत. धुळीला पंख न्हाईत."

हळूहळू बातमी पसरली. जनवाड्याचे, भालकीचे, हुमनाबादचे, पार उदगीरचे फोटोग्राफर कॅमेरा पोटाशी धरून यायचे. बायकोला दवाखान्यात घातल्यासारखे बाहेर येरझाऱ्या घालायचे. "अक्का, काही होणार न्हाई ना?" मी आतून ओरडायचे, "बसा गप. चहा प्या." हे त्यांना कौतुकानं सांगायचे, "आमच्याकडं साफ करायचं काम मालकीणबाई बघतात." मालकीणबाई! आमच्या गल्लीत मला कुणी नावानंसुद्धा ओळखत नव्हतं, अमक्याची सून, तमक्याची बायको. पण न्हाणीचं दार लावलं की आतली मी फक्त माझी असायचे. मला त्याचा गर्व होता, आणि होता ते बरंच होतं.

मग अंगठा हलायला लागला.

दुपारी टीव्ही बघत बसले होते, हात मांडीवर. उजवा अंगठा आपला आपण हलायला लागला, जपमाळ ओढल्यासारखा. मी त्याच्याकडं बघितलं, तरी थांबेना. उठून भांडी घासायला घेतली तर गप झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. थोड्या दिवसांत त्याचा स्वभाव मला कळला: हात रिकामा असला की थरथरायचा, कामाला लावला की शहाणा व्हायचा. मग मी हात रिकामा ठेवायचंच सोडलं. शेंगा फोड, गहू निवड, उसवलेलं शिव, नसलेलं उसव. शेजारीण म्हणाली, "अक्का, लईच कामसू झालाव की." तिला काय सांगू, कपाळ!

सेन्सर साफ करताना तर हात अगदी पहिल्यासारखा. काडी बोटात धरली की सगळं थांबायचं. म्हणून मी मनाशी पक्कं करून टाकलं, की हे काम जमतंय तोवर मला काही झालेलं नाही. बाकी काय हलायचं ते हलू दे. पण त्यामुळं प्रत्येक कॅमेरा माझी परीक्षा झाला. पूर्वी मी गुणगुणत न्हाणीत जायचे, आता दाराशी थांबून अंगठ्याकडं बघून मगच आत जायला लागले. काच स्वच्छ निघाली की मला आनंद फोटोचा व्हायचा नाही, हाताचा व्हायचा.

ह्यांच्या लक्षात यायचं राहणार थोडंच! "हात कामून हलायलाय गं?"

"थंडी वाजायलीय."

"एप्रिलात?"

"माझी थंडी, माझा एप्रिल. तुम्हाला काय करायचंय?"

हे उठले आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरला जाऊन विचारून आले. तो म्हणाला म्हणे, शिरांचं दुखणं असू शकतं, हैदराबादला मोठ्या डॉक्टरला दाखवा. त्या दिवसापासून हे रोज सकाळी चहाबरोबर हैदराबाद काढायचे आणि मी रोज भांडायचे. मला भीती कशाची होती ते सांगते. डॉक्टर त्याला नाव देईल. नाव मिळालं की ते घरचं होऊन बसेल, आणि मग न्हाणीतलं काम मला कोण करू देईल?

वर्षातून एकदा आम्ही मूडबीला मैलाराची तळी भरायला जमायचो. मैलार म्हणजे खंडोबा, माझ्या माहेरचं कुलदैवत. ताटात खोबरं, विड्याची पानं आणि भंडारा ठेवून सगळ्यांनी ते ताट मिळून वर उचलायचं, येळकोट म्हणायचं आणि भंडारा उधळायचा. भंडारा म्हणजे देवाची हळद. पूर्वी त्या वेळी आजोबांच्या अंगात देव यायचा. आजोबा गेले, मग वडील गेले, भाऊ पुण्याला कंपनीत लागला तो तिकडचाच झाला. घरात माय एकटी. "देव येणार तरी कुणाच्या अंगात," ती म्हणायची, "घरात माणूसच न्हाई. तोबी गेला असंल पुण्याला." हे ती हसून म्हणायची, पण देवापुढं दिवा लावताना तिचं तोंड कसं व्हायचं ते मी बघितलेलं होतं.

त्या वर्षी सकाळपासून मी कामात होते. नारळ सोल, पुरण वाट, हात ठीक. दुपारी तळीची वेळ झाली. हलगी वाजायला लागली आणि चुलती म्हणाली, "बस गं आता, हात जोडून." हात जोडले. जोडलेले हात पण रिकामेच की! उजवा थरथरायला लागला, त्यानं डाव्याला पण धरलं. मी दाबायला गेले तसा तो जास्तच.

"अगं बया!" चुलती किंचाळली. "देव आला! लेकीच्या अंगात देव आला की गं!"

आणि माझ्यावर भंडाऱ्याच्या मुठी पडायला लागल्या. डोळ्यात, नाकात, तोंडात. मी ओरडले, "काकू, डोळ्यात गेलं की!"

"देव चिडला, देव चिडला!"

"मी काय देव हाय का?"

"बघा, कसा परीक्षा बघायलाय!"

काही म्हणायची सोय नव्हती. जे बोलेन ते देवाचं. एका बाईनं पाय धरले. तिचा मुलगा मुंबईला गेलेला, वर्षभर फोन नाही. कधी करेल फोन, असं ती विचारत होती. मी वैतागून म्हटलं, "तूच कर की फोन!" तर तिनं जमिनीवर कपाळ आपटलं आणि म्हणाली, देवानं आज्ञा केली. आता ह्याला काय म्हणावं! मला हसू पण येत होतं आणि डोळ्यांतून हळदीचं पाणी पण वाहत होतं.

तेवढ्यात माय दिसली. ती काही विचारायला पुढं आली नव्हती. दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि माझ्या हाताकडं बघत होती. वडील गेल्यापासून तिचा चेहरा मी असा बघितला नव्हता. उजळला होता नुसता.  मी हात तसाच हलू दिला. इतके महिने पदराखाली, उशीखाली, सुपाखाली दडवलेला तो हात पहिल्यांदा चारचौघांत उघडा थरथरत होता आणि कुणी त्याची कीव करत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पंधरवड्यात माय बीदरला राहायला आली, भंडाऱ्याची पिशवी घेऊन. लेकीच्या नाही, देवाच्या सेवेला. रोज सकाळी आंघोळ करून ती माझ्या उजव्या मनगटाला भंडारा लावायची आणि हात जोडायची. आईनं आपल्याला हात जोडावे, हे किती वाईट वाटतं ते ज्याचं त्यालाच कळेल. मी म्हणायचे, "माय, नको गं असं." ती म्हणायची, "तुला न्हाई जोडायले, त्याला जोडायले."

वर ती हळद! घरभर पिवळी धूळ. एकदा मी कॅमेरा उघडून बसले होते आणि माय दार ढकलून भंडारा उधळणार तेवढ्यात मी अशी ओरडले, की बाहेरचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. नंतर मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवून डागाचा फोटो दाखवला, आणि साफ केल्यावरचाही.

"एवढ्याशा कणासाठी एवढं?" तिनं विचारलं.

"एवढ्याशा कणासाठीच."

तिनं पडद्यावरच्या डागावर बोट फिरवून बघितलं. त्यानंतर न्हाणीचं दार लागलं की माय घरात झाडूसुद्धा मारायची नाही. पदर आवरून पायरीवर बसून राहायची, आणि गल्लीतल्या बायका दर्शनाला आल्या तर त्यांनाही गप बसवायची.

ह्यांचं आणि तिचं मात्र जमेना. तोंडावर पदर ओढून ती सांगायची, "जावई, देवाला गोळ्या चारल्या तर देव निघून जातो."

"जाऊ द्या की मग!" हे एकदा चिडून म्हणाले.

माय त्या दिवशी जेवली नाही. ह्यांनाही घास गेला नाही. मी दोघांवर ओरडले आणि दोघांनाही वाढलेलं झाकून ठेवलं. एक म्हणायचा दुखणं, एक म्हणायची देव. मला दोन्ही नको होतं. मला फक्त माझा हात पाहिजे होता.

तो हळूहळू जात होता. ब्लाऊजचे हुक लावायला वेळ लागायचा. भाकरी थापताना हात मध्येच विसरल्यासारखा थांबायचा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, काडी धरल्याबरोबर जो गप व्हायचा तो आता लगेच होईना. मी न्हाणीत वाट बघत बसायचे. त्याची समजूत घालायचे, शिव्या द्यायचे. "हो की रे शहाणा, मुडद्या." बऱ्याच वेळानं व्हायचा. बाहेर चहावर चहा व्हायचे आणि फोटोग्राफर ह्यांना विचारायचे, आज अक्काला लई वेळ लागायलाय का हो? हे म्हणायचे, काम नाजूक हाय बाबा.

त्या दिवशी सकाळी जनवाड्याचा फोटोग्राफर आला. जुना येणारा. दुसऱ्या दिवशी त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न, आणि कॅमेऱ्यात बरोबर मधोमध डाग. "अक्का, दुसऱ्याचं असतं तर चालवून घेतलं असतं. घरचं लग्न हाय." मी म्हटलं, "बस. आत्ता देते."

पाणी मारलं, दार लावलं, पाटावर बसले. आरसा वर गेला. फुग्यानं वारा मारला, पण कण चिकट होता, हलला नाही. काडी घेतली, थेंब टाकले आणि वाट बघत बसले. हात थांबेना. औषध वाळलं. दुसरी काडी घेतली, थेंब माझ्या गुडघ्यावर पडला. पुन्हा टाकला. डाव्या हातानं उजवा धरला आणि काडी आत नेली. काडीचं टोक आतल्या धातूच्या कडेवर वाजायला लागलं. टिक टिक टिक टिक. एवढासा आवाज, पण मला दुसरं काही ऐकूच येईना. अजून थोडी आत गेली असती तर काचेवर गेली असती. मी काडी बाहेर काढली. कॅमेरा उघडाच मांडीवर होता, आरसा वर, आणि आत ती काच उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघत होती. 

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मायनं दार थोडं ढकललं. "लई वेळ झाला गं."

"माय," मी म्हटलं, "हात थांबंना गं."

हे मी त्या दिवसापर्यंत कुणालाच म्हटलं नव्हतं. ह्यांना नाही, स्वतःलासुद्धा नाही.

ती गेली आणि मूठ मिटून परत आली. दार आतून लोटून घेतलं. ओल्या फरशीवर माझ्यासमोर बसली, लुगडं भिजलं तरी तिला भान नव्हतं. मुठीत भंडारा होता. मी घाईनं कॅमेऱ्यावर हात धरला. "उधळत न्हाई," ती म्हणाली, "कळतंय मला." मूठ तशीच मिटलेली कपाळाला लावून तिनं डोळे मिटले.

"देवा मैलारा, तू आलास, माझं घर पावन झालं. किती वर्षं तुझी वाट बघितली. आता जा बाबा. माझ्या लेकीच्या हातातनं उतर. तिला तिचं काम करू दे. पाहिजे तर माझ्या अंगात ये."

मग आम्ही दोघी माझ्या हाताकडं बघत राहिलो. मी पण बघत होते. आयुष्यभर ज्याच्यावर माझा विश्वास नव्हता त्याला मी त्या घडीला मनापासून म्हटलं, ऐक रे बाबा तिचं. हात हलत होता. तिनं पुन्हा म्हटलं. मग तेच सगळं कन्नडमध्ये म्हणाली, मराठीत कळलं नसलं तर म्हणून. हात हलतच होता.

आजोबांच्या अंगातला देव सांगितल्यावर जायचा. पाण्याचा तांब्या पुढं केला, पायांवर डोकं ठेवलं, की जायचा. मायनं ते कितीदा तरी बघितलेलं होतं. हा काही जात नव्हता. मग ती उठली, नळ सोडला आणि त्याच्याखाली मूठ उघडली. भंडाऱ्याचा कण पायाखाली आला तर उचलून डोळ्याला लावणारी माझी माय. पिवळं पाणी मोरीकडं गेलं. तिनं हात चोळून चोळून धुतला, पदराला पुसायला गेली आणि स्वतःच थांबली, तंतू उडतात म्हणून. ओल्याच हातानं तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"कर आता. मी धरलंय."

मनगट थांबलं. बोटं थांबली नाहीत. काडीचं टोक हवेत हलत राहिलं. ती थरथर तिच्या पंजातून तिच्या कोपरापर्यंत जात असणार, कारण तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तळीच्या दिवशी आलेला तो उजेड माझ्यासमोर विझला. तो मी विझताना बघितला, आणि त्याचं दुःख मला हातापेक्षा जास्त झालं.

"देव न्हाई गं हे," माय म्हणाली.

मी रडायला लागले. लहानपणी पडल्यावर रडायचे तशी, मोठ्यांदा. बाहेर जनवाड्याचा माणूस बसलाय ह्याची पण लाज राहिली नाही. काडी तिनंच माझ्या बोटांतून सोडवून घेतली. मी डाव्या हातानं कॅमेऱ्याचा खटका बंद केला, आरसा खाली आला, डाग होता तिथंच राहिला. माझा आवाज ऐकून हे दाराबाहेर येऊन उभे होते, पण आत येत नव्हते. मी म्हटलं, "ह्याला आपला कॅमेरा द्या उद्याच्याला. माझ्यानं झालं न्हाई म्हणावं." ते "बरं" म्हणाले. 

मायनं माझं मनगट सोडलं नव्हतं. तिनं दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराकडं तोंड करून विचारलं, "जावई, हैदराबादची मोटार किती वाजता हाय?"